पायाळू

फॉर्मवर रकाना होता: दुखणं कधी सुरू झालं?
मी लिहिलं, कात्रज–शिवाजीनगर मार्गावर.
काउंटरवरची मुलगी हसली नाही.
तारीख हवी, म्हणाली.
तारीख कुठून आणू. चौदा वर्षं उभीच आहे,
डावा खुबा सीटच्या दांड्याला, गळ्यात तिकिटाचं मशीन,
आणि बालाजीनगरपासूनचा एकेक गतिरोधक
माझ्याच कमरेनं मोजलाय.

कर्वेनगर, औषधांच्या दुकानावर पहिला मजला.
डॉक्टर बेहेरे. वय माझ्या भाच्याएवढं.
टेबलावर प्लास्टिकचा कणा, धरला की लवतो.
हा चौथा, हा पाचवा, इथं बघा अडकलंय.
पायाला मुंग्या? लघवीला त्रास? पडलात कधी?
नाही. नाही. नाही.
आधी काय काय केलंत?
निरगुडीचा शेक, तापवलेली वीट, पट्टा,
लाल गोळ्या, त्यांनी कंबर सोडून पोट धरलं.
एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

मी पायाळू.
ससूनमधल्या नर्सनं आईला म्हणे
तोंडाआधी माझी टाच दाखवली.
मंगळवार पेठेला कळायला दुसरा दिवस लागला नाही.
कुणाच्या कमरेत उसण भरली
की थोपट्यांच्या मालनला उचलून आणा.
भुसार बाजारातले हमाल यायचे,
सदरा वर करून फरशीवर पालथे पडायचे,
एवढाले बाप्ये, पाठीवर सुतळीचे वळ,
हळदीच्या पोत्यांचा वास,
आणि मी सात वर्षांची, आईचं बोट धरून,
उजवा पाय टेकवायची माकडहाडाच्या जरा वर.
सात वेळा. मुक्यानं.
बोललं की गुण जातो.
कुणी पाच पैसे द्यायचं, कुणी गुळाचा खडा.
बाबूलाल हमाल एकदा उठून बसला आणि रडलाच,
गेली गं पोरी, गेली, म्हणाला.
मला वाटलं त्याची बायको.
रात्रभर पाय गोधडीबाहेर ठेवून जागी राहिले.

स्वतःच्या कमरेला स्वतःचा पाय पोचत नाही.
एवढीच एक अडचण.
प्रयत्न करून झालाय.

कुशीवर वळा. गुडघा पोटाशी. श्वास सोडा.
त्यांचा एक हात खांद्यावर, एक कमरेखाली,
परक्या माणसाचं वजन माझ्यावर टेकलं
आणि मला हसू यायच्या आत
कट्.
मशीन यायच्या आधी पंच वाजायचा, तसा.
हाड नाही हं मोडलं, ते म्हणाले,
सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो, त्याचा आवाज.
बुडबुडा.
हमालांच्या पाठीतून कधी आवाज आला नव्हता,
की आला असेल, मी आकडे मोजत होते.

लगेच उतार पडेल असं नाही. चारपाच वेळा यावं लागेल.
चाला. उभं राहताना पाय बदला.
एकाच पायावर सगळा भार देऊ नका.
बरं, म्हटलं. ड्रायव्हरलाही सांगून बघते.

उठले. दुखणं होतंच,
पण जरा सरकून बसलं होतं,
शेजारच्याला जागा दिल्यासारखं.

सहाशे रुपये मोजले. पावती लिहिताना
त्यांचं पेन टेबलाखाली घरंगळलं.
ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले.
एक हात कमरेवर. कपाळ लाकडाला टेकलेलं.
काही नाही, म्हणाले खालून,
सकाळपासून सतरा पेशंट झाले.

काउंटरवरची मुलगी डबा घेऊन आत गेली होती.
पंखा फिरत होता.
मी काहीच बोलले नाही.
बोललं की गुण जातो.

चपलेतून माझा उजवा पाय
कधीच बाहेर आला होता.